तलावातली पाठ

"कालच्यापेक्षा वर आलीय!" शिवहार कुजबुजला.

"गप रे! काल बी तू हेच म्हणला."

"कारण कालही वर आलीच होती!"

रागिणीने त्याला कोपराने ढोसलं आणि दोघं तलावाच्या भिंतीवर पुन्हा पालथी पडली. दुपार टळटळीत झाली होती. टाकळवाडीत या वेळी माणूस तर सोडाच, कुत्रंही सावलीतून बाहेर पडत नसे. भिंतीच्या दगडांचे पोटाला चटके बसत होते, पण उठायची हिंमत कुणाची नव्हती.

खाली तलाव पसरला होता. तलाव म्हणजे आता फक्त त्याचं नाव! पाणी पार आटलं होतं, तळाचा गाळ वाळून त्याचे पोपडे झाले होते. आणि त्या पांढऱ्याफट्ट तळाच्या अगदी मधोमध, तिथल्या एकुलत्या एका बाभळीपासून चारपाच पावलांवर, ती पाठ होती.

दगडच होते ते. तपकिरी, मोठाले, उपड्या घातलेल्या परातींसारखे, आणि प्रत्येकाच्या मधून एक धारदार कणा वर आलेला. पण दगड कधी रांगेत बसतात का? हे दगड रांगेत होते. दोन सरळ रांगा, शेजारी शेजारी, पुढे मोठे आणि मागे लहान होत गेलेले. मधल्या जागेत बोराएवढे खडे दाटीवाटीने जडवलेले. आधी त्यातले दोनतीनच दिसत होते. मग रोज सकाळी एखादा नवा दिसू लागला. जणू गाळाखाली कुणीतरी झोपलं होतं आणि आता हळूहळू उठत होतं.

ते मे महिन्याचे दिवस होते, १९९९ साल. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, आणि गावातली मोठी माणसं पारावर नव्या कलेक्टर हापिसाच्या गप्पा मारण्यात दंग होती. पण तलावात पाठ निघाल्यापासून पारावरचा आवाज बसला. बायका तलावातून जाणारी जवळची वाट सोडून लांबच्या वाटेने जाऊ लागल्या. गाळ काढायला आलेल्या जळबाने त्या दगडावर पहार मारली, तर ठण्णकन आवाज झाला आणि पहार त्याच्या हातातून उडाली! त्याच संध्याकाळी जळबा तापाने फणफणला. तापात एकच बडबड, "हललं! माझ्या पायाखाली हललं!"

मग सुरुंगवाले पुंजाजी आले. वारंगा फाट्याच्या बाजूला त्यांचा ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर असायचा. विहिरीचा खडक फोडायचा असला की लोक त्यांनाच बोलवत. पण त्यांनी दगडांच्या रांगा पाहिल्या आणि कानाला हात लावला. "ह्याला एडक्याचा बळी दिल्याबिगर मी होल मारणार न्हाई! मंगळवारी बाराच्या ठोक्याला एडका, मंग सुरुंग."

एडका कुणाचा द्यायचा? सगळ्यांनी रागिणीच्या आजोबांकडे, नामाजीआबांकडे पाहिलं. कारण तलाव आटल्यावर आबांनीच आपली मेंढरं तिथं बसवली होती. सुतळीच्या जाळ्यांची वाघर लावायची, कळप आत घ्यायचा आणि रात्रभर राखायचा, हा आबांचा रोजचा क्रम. आणि मेंढरं बसायला लागली तशीच पाठ वर यायला लागली होती!

"तुझ्याच मेंढरांनी त्याला जागं केलं, नामाजी!" कुणीतरी ओरडलं होतं.

आबा कधी कुणाशी भांडले नव्हते. ते एवढंच बोलले, "माझ्या मेंढरांनी केलं असल, तर एडका बी माझाच. चांदक्या देतो."

चांदक्या! काळाभोर, कपाळावर पांढरा चांद असलेला, कळपाच्या पुढे ऐटीत चालणारा. त्याची आई तो जन्मला त्याच आठवड्यात मेली होती. रागिणीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. गेल्या रात्रीपासून रागिणी नीट जेवली नव्हती, आणि आजी विचारायला आली की तोंड फिरवत होती.

"मंगळवार जवळ येऊन राहिला," ती आता म्हणाली. "मला ते काय आहे ते बघायचंच आहे. मंग भुताचं असो का देवाचं."

"मला तर भुताचंच वाटतंय," शिवहार म्हणाला. तो तिचा आतेभाऊ, औंढ्याहून सुट्टीला आजोळी आलेला. औंढ्याला नागनाथाच्या देवळाजवळ दुकानं, विजेचे दिवे, माणसांची वर्दळ. इथली दुपारची शांतता त्याला मुळीच सोसत नव्हती.

इतक्यात मागून दोन सावल्या त्यांच्या अंगावर पडल्या. शिवहारने अशी काही किंकाळी फोडली की तलावापलीकडच्या टिटव्या उडाल्या!

"अरे, आमी हाव!" विकास पोट धरून हसत होता. तो आणि त्याची धाकटी बहीण शिला, दोघं शेजारच्या तांड्यावरची, रागिणीच्याच शाळेतली. "औंढ्याचा वाघ घाबरला व्हय?"

"घाबरलो नाही! इशारा दिला तुम्हाला!"

"टिटव्यांना बराबर समजला इशारा," शिला शांतपणे म्हणाली. ती फार बोलत नसे, पण बोलली की समोरच्याची बोलती बंद होई.

चौघं दगडी पायऱ्यांवरून खाली उतरली. तळाला पाय टेकले आणि सगळ्यांचे आवाज आपोआप बारीक झाले. वर भिंतीवर निदान झुळूक होती, इथं हवा हलत नव्हती. चालताना पोपडे कुडुम कुडुम मोडत, आणि तो आवाज भिंतीवर आपटून परत येई, मागून आणखी कुणी चालतंय असा. शिवहारने दोनदा मागे वळून पाहिलं.

पाठीजवळ पोपडे नव्हते. तिथं नुसती पिठासारखी धूळ होती, घोट्यापर्यंत पाय रुतत होते.

शिला खाली बसली आणि तिने एका दगडाला कान लावला.

"शिले, नको!" विकास म्हणाला.

"शू!" तिने हात वर केला. मग तिचे डोळे मोठे झाले. "आतून वाजतंय."

"क... काय वाजतंय?"

टक्.

सगळ्यांनीच ऐकलं. थोडा वेळ गेला आणि पुन्हा, टक्. दगडाच्या आतून. रागिणीच्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि त्याच वेळी तलावाच्या दुसऱ्या टोकाला धूळ उठली. एक वावटळ गरगरत उभी राहिली, ताडाएवढी झाली आणि वाट ठरलेली असावी तशी सरळ त्यांच्याकडेच निघाली.

"पळा!"

चौघं पायऱ्यांकडे धावत सुटली. शिवहारची एक चप्पल मागेच राहिली. पायऱ्यांवर चढून रागिणीने मागे पाहिलं. वावटळ पाठीवर येऊन पोहोचली होती आणि तिथंच घुटमळत होती. पाठ दिसेनाशी झाली. नुसता सूंऽऽ सूंऽऽ आवाज. मग वावटळ भिंतीवरून चढून शेतांकडे निघून गेली, आणि धूळ खाली बसली.

"बघा," रागिणी म्हणाली. "नवा निघाला."

खरंच! मघाशी शेवटच्या दगडामागे सपाट धूळ होती. आता तिथं आणखी एका दगडाचा कणा वर आला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत!

चौघं थेट तांड्यापर्यंत धावतच आली. विकासच्या याडीने, म्हणजे आईने, चौघांना पाणी दिलं, लाल झालेले चेहरे पाहिले आणि "उन्हात कशाला मरून राहिले?" म्हणून एक सणसणीत शिवीही दिली. तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"मला माहीत आहे ते काय आहे," शिवहार एकदम म्हणाला आणि खिशातून एक चुरगळलेली वही काढली. तिच्या पानापानावर बबलगमसोबत मिळणारी चित्रं चिकटवलेली होती. सगळे डायनोसोर! त्याने एका चित्रावर बोट ठेवलं. बुटका, रुंद, कासवासारखा पसरट प्राणी. पाठीवर कणेदार ढालींच्या रांगा. शेपटीच्या टोकाला हाडाचा भलामोठा गोळा.

"ह्याच रांगा," विकास हळूच म्हणाला. "बराबर ह्याच."

"चिलखतवाला डायनोसोर. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला, हाडांचा दगड झाला."

"मेलाय तर वर काहून येऊन राहिला?" रागिणीने विचारलं.

शिवहारने वही मिटली. एवढी वर्षं मेलेला प्राणी वर येतोय, ही गोष्ट भुतापेक्षाही भयंकर होती!

शिला मांडीवरच्या परडीत शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "तो वर आला, का जमीन खाली गेली?"

"म्हणजे?"

"म्हंजी, वावटळीनं दगड उचलला का धूळ उचलली?"

मग विकासने कपाळावर हात मारला आणि घरात पळाला. बाहेर आला तो प्लॅस्टिकची पारदर्शक नळी फरफटत. त्याचे वडील गवंडी. भिंत सरळ रेषेत येते का ते बघायला ते ही नळी पाण्याने भरून वापरत. तिचं एक टोक इथं धरा, दुसरं पार तिकडं धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहणार!

"पायरीचा दगड तर हलत न्हाई ना?" विकास म्हणाला. "पाठीच्या टोकाची उंची पायरीवर उतरवून घेऊ, कोळशानं खूण करू. पाठ वर आली तर खूण चुकल."

"आणि जमिनीचं?"

"त्याला मी बघते," रागिणी म्हणाली. आजीच्या टोपलीतून तिने लोकरीचा धागा आणला. उन्हं कलताना चौघं पुन्हा तलावात उतरली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा! शिवहारने तर चप्पल उचलताना दगडांना नमस्कारही केला. पण नळी धरली, खूण केली, आणि सर्वांत उंच दगडाला अगदी जमिनीला चिकटून धागा बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वावटळी येऊन गेल्यावर त्यांनी पाहिलं. कोळशाची खूण जिथल्या तिथं, केसभरही फरक नाही. धागा मात्र जमिनीच्या वर अधांतरी लोंबत होता.

"दगड हललाच न्हाई!" रागिणीने उडी मारली. "जमीन खाली गेली! आपल्या मेंढरांनी खुरानं पोपड्याचं पीठ केलं, आन् वावटळीनं ते नेलं!"

"आणि ते टक्?" शिवहारने विचारलं.

"आमच्या घरावरचं पत्र्याचं छप्पर बी दुपारी वाजतंय की!" शिला म्हणाली. " तापलं की तडतडतंय."

म्हणजे गावकरी बोलले होते ते खरंच होतं. आबांच्या मेंढरांनीच त्याला जागं केलं होतं! फक्त त्यात शाप नव्हता, खुरं होती.

रागिणी धावत आबांकडे गेली. आबा बाभळीच्या फांद्या तोडून मेंढरांना पाला टाकत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग हातातली फांदी खाली ठेवली.

"पोरी, तू म्हणतीस ते पटतंय मला. पण चारचौघांत शब्द दिलाय मी. आन् दुसरं ऐक. आपण मेंढरं तिथून हलवली, आन् आज सकाळी नवा दगड न्हाई निघाला. लोक म्हणून राहिले, नवस बोलल्याबरोबर थांबलं."

"थांबणारच ना! मोकळी धूळ संपली! आता नवं पीठ कोण करणार?"

"हे मला न्हाई, गावाला पटलं पाहिजे." आबांनी चांदक्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ते रडत होते का, ते रागिणीला कळलं नाही, पण तिने आबांना असं तोंड वळवताना कधी पाहिलं नव्हतं.

ती सरळ तांड्यावर गेली आणि मोठ्याने रडली. मग नाक पुसून म्हणाली, "ते पुन्हा वर आणायचं! नवस चालू असताना, आमी सांगू तिथं. मंग बघू कोण काय म्हणतंय ते!"

"कुठं?" विकासने विचारलं.

शिवहारने वही उघडली. पाठीच्या दगडांच्या रांगा बाभळीच्या बाजूला लहान होत गेल्या होत्या. म्हणजे शेपूट तिकडंच! आणि शेपटीच्या टोकाला गोळा असणार. बाभूळ तर चारपाच पावलांवरच होती, तिच्याच सावलीच्या आसपास कुठंतरी.

बेत ठरला. दुपारी मेंढरं सावलीत विसावतातच. ती आता तलावातल्या बाभळीखाली विसावतील, एवढंच! दुपारी सारं गाव झोपलेलं, त्यामुळे कुणाला पत्ता लागणार नव्हता. शिवहारने किराणा दुकानातल्या फोनवरून औंढ्याला शेजारच्या मोहिनीताईंना फोन लावला. त्या नांदेडच्या कॉलेजात दगडांचंच शास्त्र शिकवत. त्या म्हणाल्या, येते, पण मंगळवारी दुपारशिवाय जमणार नाही.

"दुपारी म्हणजे बाराच्या आधी ना, ताई?" शिवहारने विचारलं. पण तोवर फोन कटला होता.

मंगळवार उजाडला. चौघं पहाटेच बाभळीखाली जाऊन आली. पोपड्यांचं छान पीठ झालं होतं, बरीच धूळ उडूनही गेली होती. पण गोळा नव्हता. काहीच नव्हतं! शिवहारने ज्या जागी फुली मारली होती तिथं त्यांनी हाताने उकरून पाहिलं. नुसता गाळ.

"कदाचित शेपूट वाकडी असेल," तो रडवेला होऊन म्हणाला. "मेल्यावर सरळच पडेल असं थोडंच आहे?"

ऊन चढलं तसा गाव तलावात जमला. पण जमलेल्या गर्दीचा गलका होतो, तसा झालाच नाही. माणसं पाठीपासून लांब, गोल करून उभी राहिली. लेकरांना बायकांनी पदराआड घेतलं होतं. पुंजाजींचा ट्रॅक्टर मागे थांबला होता. सुरुंगाच्या दारूच्या पेटीवर बसून ते खुशाल विडी ओढत होते!

"काका, विडी विझवा आधी," शिला म्हणाली. "न्हाई तर एडक्याआधी तुमीच जासाल वर."

पुंजाजी चपापून उठले. एकदोघं हसली, पण लगेच गप्प झाली. आबा चांदक्याला घेऊन येत होते. त्याच्या अंगाला हळद लावली होती, गळ्यात झेंडूची माळ. माळेतलं एक फूल तो चघळत होता. त्याला काय माहीत!

रागिणीला वाटलं, डोळे मिटून घ्यावेत. पण ती पुढे झाली आणि आबांच्या समोर उभी राहिली.

"मला बोलायचंय!"

"पोरीच्या जातीनं मधी बोलू नये," सरपंचपती म्हणाले. सरपंच खरं तर त्यांच्या पत्नी अनुसयाबाई होत्या, पण बोलायचं काम त्यांनी नवऱ्याला दिलं होतं. म्हणजे नवऱ्याने ते घेतलं होतं.

"बोलू द्या तिला," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या.

रागिणीने धागा सांगितला, कोळशाची खूण सांगितली. विकासने सगळ्यांसमोर नळी धरून दाखवली. लोकांच्या माना हलू लागल्या. पण पुंजाजी म्हणाले, "ते काय बी असो! नवस बोलल्यावर थांबलं का न्हाई? रगत मागत होतं, कबूल केलं, थांबलं!"

"थांबलं न्हाई!" रागिणी म्हणाली. "आमी म्हणू तिथं आज बी निघतं!"

"दाखव मंग!"

संपलं. तिने शिवहारकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. बारा वाजत आले होते. हवा पडली होती, वावटळीचं नाव नव्हतं. रागिणीला काय करावं सुचेना. मग सवयीनेच, काही सुचेनासं झालं की ती करायची तेच तिने केलं. दोन बोटं तोंडात घातली आणि कळपाला शीळ घातली.

भिंतीपलीकडून मेंढरं आली. काळी, करडी, धूळ उडवत, माणसांच्या गर्दीची पर्वा न करता रोजच्या सवयीने बाभळीच्या सावलीत शिरली आणि एकेक करून बसू लागली. एकमेकांच्या अंगाला अंग लावून, अगदी दाटीवाटीने. सावली भरून गेली.

फक्त मध्ये एक जागा मोकळी राहिली.

सावलीत, थंडगार, आणि मोकळी! एक मेंढी तिथं गेली, खाली वाकली आणि उठून बाजूला झाली. दुसरी गेली, तीही उठली. गर्दीतून भीतीची कुजबुज निघाली. कुणी म्हणालं, "मुक्या जनावराला दिसतंय बघा." बायका मागे सरल्या. ती रिकामी गोल जागा पाहून विकासच्याही तोंडचं पाणी पळालं.

पण रागिणीचे डोळे चमकले! मेंढरू कुठं बसत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. खाली काही कडक रुतत असलं तर!

"तिथं हाये!" ती ओरडली आणि कुणाच्या तरी हातातला खराटा हिसकावून मेंढरांमधून धावली.

खर्रर्र, खर्रर्र. धुळीचा लोट उठला. शिला आली, तिने ओंजळींनी गाळ उपसला. विकास आला, शिवहार आला. खराटा कशाला तरी अडकला. तपकिरी, गुळगुळीत, कडक. आणखी झाडलं, तसा तो वाढत गेला. दोन घागरी एकमेकींना चिकटवल्यासारखा दगडी गोळा, आणि त्याच्यामागे पाठीकडे वळत गेलेली दगडी मणक्यांची ओळ!

शिवहार वही डोक्यावर धरून नाचू लागला. "शेपूट! शेपूट! वाकडी होती! म्हटलं होतं मी!"

मग रागिणी धुळीने माखलेली, तशीच उभी राहून म्हणाली, "नवस चालू हाये, एडका अजून जिता हाये, तरी हे निघालं. ते उठून न्हाई आलं. इथंच पडून होतं, आपण त्याच्या अंगावरचं पांघरूण काढलं! आन् ह्यानं रगत काहून मागावं?" तिने वही हिसकावून घेतली आणि पुंजाजींच्या नाकासमोर धरली. "तोंडात काय हाये बघा ह्याच्या!"

पुंजाजींनी डोळे बारीक केले. "पाला?"

"पालाच! हा पाला खायचा! जल्मात मटण न्हाई खाल्लं ह्यानं!"

आणि मग गर्दीत मागे कुणीतरी खुसखुसलं, आणि बघता बघता सगळा तलाव हसू लागला. इतके दिवस घशात अडकलेलं हसू एकदम सुटलं!

"बबलगमच्या कागदावर इस्वास ठेवून ठरलेलं मोडायचं का?" सरपंचपती तावातावाने पुढे आले. "ठरलं ते ठरलं! पुंजाजी..."

"सरपंच कोण हाये?"

अनुसयाबाईंनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण नवरा जागच्या जागी थांबला.

"मी हाये ना? मंग मी सांगते. एडका सोडा. आन् ह्या दगडाला कुणी सुरुंग तर काय, बोट बी लावायचं न्हाई. नामाजीभाऊ, तुमचा शब्द गावानं परत केला!"

आबा चांदक्याच्या गळ्यातली दोरी सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती, शेवटी रागिणीने दातांनी सोडली. मग तिने त्या हळदीने माखलेल्या मानेला मिठी मारली आणि सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडली. कुणीही हसलं नाही.

मोहिनीताई आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. एसटी बंद पडली होती, म्हणून जवळा बाजारापासून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आल्या. त्या पाठीजवळ गेल्या आणि उन्हात तशाच गुडघ्यांवर बसल्या. खूप वेळ नुसत्या बघत होत्या. हात लावायचीही त्यांची तयारी दिसेना.

"हा नक्की कोण, ते आज सांगता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पुष्कळ तपासावं लागेल. पण अंगावर चिलखत असलेले पालेखाऊ प्राणी होऊन गेले, त्यातलाच हा दिसतोय. असा आख्खा सापडणं..." मग त्या मुलांकडे वळल्या. "इतक्या नीट, काही न मोडता, कुणी उघडा केला हा? कुठल्या हत्याराने?"

"मेंढरांनी!" चौघं एका सुरात ओरडली.

मोहिनीताई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते. नीट बघा, मोजा, मग बोला. तुम्हाला कुणी शिकवलं?"

पुंजाजींनी पागोटं काढून डोकं खाजवलं. "पोरगी लई भारी निघाली, नामाजी. आज माझ्या हातून मोठं पाप झालं असतं." मग त्यांनी दारूची पेटी उचलून स्वतः ट्रॅक्टरवर नेऊन ठेवली.

गर्दी पांगू लागली. आबा बाभळीकडे गेले, कोवळ्या पाल्याची एक फांदी तोडली आणि पाठीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं डोकं असायला हवं त्या सपाट धुळीवर आणून ठेवली. हात जोडले.

"लई दिवसांचा उपाशी असल बिचारा," ते म्हणाले.

चांदक्या मागोमाग आलाच होता. त्याने तो पाला हुंगला आणि करकर खायला सुरुवात केली. त्याला हाकलायला विकास पुढे झाला, पण आबांनी त्याला थांबवलं.

तेवढ्यात कळपाचा दुसरा राखणदार, आबांचा पुतण्या, भिंतीवरून ओरडला, "काका! आज मेंढरं कुठं बसवायची?"

गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर आबांशिवाय कुणी दिलं नव्हतं. आबांनी रागिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला काय इचारून राहिला? हिला इचार!"

रागिणीने डोळे पुसले, भिंतीपलीकडच्या शेतांकडे नीट पाहिलं आणि हात लांब करून जागा दाखवली.